दोन हातांचा फोरहँड आणि एका वर्षाची अट

पत्रलेखिका २३ वर्षांची, पूर्णवेळ टेनिस खेळणारी. फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) आणि बॅकहँड (उलट्या बाजूचा) दोन्ही ती दोन हातांनी मारते. सहाव्या वर्षी रॅकेट पेलवत नव्हती म्हणून दुसरा हात लावला, तो कायमचाच राहिला. वडील हेच पहिले प्रशिक्षक. गेली दोन वर्षं जागतिक एकेरी क्रमवारीत ती चारशेच्या आसपास अडकली आहे. आता एक अनुभवी प्रशिक्षक तिला घ्यायला तयार आहेत, पण वर्षभर स्पर्धा बंद ठेवून फोरहँड एका हाताचा करायचा, अशी त्यांची अट आहे. वडील म्हणतात, "हीच तुझी ओळख, ती पुसू नकोस." लॉकर रूममध्ये तिच्या फटक्याच्या नकला होतात. ती विचारते, शैली सोडू की प्रशिक्षक सोडू?

पत्रात तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगंतुगंच करते.

तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यातली अडीच पानं लोक काय म्हणतात यावर गेली आहेत. कोण हसलं, कोण "बॅडमिंटन खेळतेस का" म्हणालं, वडिलांच्या डोळ्यांत पाणी कसं आलं, हे सगळं सविस्तर आहे. सामन्यांबद्दल मात्र मोजून तीन ओळी. मी त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या: "मी बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) दीड-दोन मीटर मागे खेळते, कारण तिथे मला वेळ मिळतो. पण फोरहँडला बाहेर जाणारा चेंडू हाताला लागत नाही. तिथेच सामने जातात." माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच इथे लिहून ठेवलं आहेस, फक्त ते तिसऱ्या पानाच्या तळाशी गेलंय.

उत्तर देणारी कोण, हेही सांगायला हवं. मी मोठी खेळाडू कधीच नव्हते. बरीच वर्षं लाइन अंपायर होते, म्हणजे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर ते सांगणारी. (आमची जमात आता संपतच आली. विम्बल्डननेही २०२५ पासून रेषेवरची माणसं काढून यंत्रं बसवली.) एकाच पांढऱ्या रेषेकडे वर्षानुवर्षं बघत उभं राहिलं की खेळाडू चेंडू कशी मारते यापेक्षा तिचे पाय रेषेपासून किती लांब आहेत, हे आधी दिसायला लागतं. माझा सल्ला त्याच खोडीतून येणार आहे.

"विचित्र" हा शब्द तू पत्रात अकरा वेळा वापरलास. मोजायची सवय जात नाही. पण टेनिसमध्ये विचित्र कशाला म्हणायचं हे दर पिढीत बदलत आलंय. आज शाळकरी पोरंही ज्याला बॅकहँडचा सरळ मार्ग समजतात, तो दोन हातांचा बॅकहँड एके काळी तमाशाच होता. ऑस्ट्रेलियाचा व्हिव्हियन मॅकग्रा तो मारायचा तेव्हा लोक वळून बघायचे, आणि त्याच फटक्यावर तो १९३७ साली ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद जिंकला. पुढे सत्तरच्या दशकात बोर्ग, कॉनर्स आणि ख्रिस एव्हर्ट हे अव्वल खेळाडू तोच फटका घेऊन आले आणि तमाशाची रीत झाली. आता उलटं टोक बघ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ साली क्रमवारी सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. पुस्तकातला देखणा, "शुद्ध" फटकाच आज अल्पसंख्याक झालाय.

आणि खेळाला जे नको असतं ते तो बंद करतो. १९७७ मध्ये दुहेरी विणीच्या "स्पॅगेटी" गटिंगची (म्हणजे तारांची) रॅकेट घेऊन रुमानियाचा नास्तासे अर्जेंटिनाच्या विलासशी खेळला. चेंडू इतका वेडावाकडा उसळत होता की विलासने दोन सेट गमावल्यावर सामना सोडून दिला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तसल्या गटिंगवर बंदी आणली. रॅकेटला किती हात लावायचे याबद्दल मात्र नियमावलीत अवाक्षर नाही. तेव्हा लॉकर रूममधल्या नकलांचा विषय माझ्यापुरता इथेच संपला. तू तो किती दिवस चालू ठेवायचा ते तू ठरव.

"मोठ्या खेळाडूंमध्ये माझ्यासारखं कोणी नाही," असंही तू लिहितेस. आहेत की! मोनिका सेलेस दोन्हीकडून दोन हातांनीच खेळायची, आणि विशी गाठायच्या आत तिच्याकडे आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदं होती. मारियों बार्तोली २०१३ मध्ये एकही सेट न गमावता विम्बल्डन जिंकली. फाब्रिस सांतोरो क्रमवारीत सतराव्या स्थानापर्यंत गेला आणि मारात साफिनसारख्या दणकट गड्याला त्याने नऊपैकी सात वेळा हरवलं. तैवानच्या शिए सु-वेइने २०१८ मध्ये विम्बल्डनला तेव्हाच्या अव्वल सिमोना हालेपला घरी पाठवलं, आणि एकेरीत ग्रँड स्लॅमची पहिली उपांत्यपूर्व फेरी गाठली ती वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये.

ही नावं तुला धीर द्यायला सांगत नाहीये. तुझ्या वडिलांनी बहुधा हीच यादी तुला दहादा ऐकवली असेल, आणि त्यात एक गफलत आहे. दोन हातांनी खेळून जे पुढे आले त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक असतात. त्याच पद्धतीने खेळून जे पात्रता फेरीतच अडकले त्यांची यादी कोणी ठेवत नाही. म्हणून ही माणसं जिंकली, एवढंच बघून भागत नाही. दुसरा हात लावल्यामुळे जे हातचं जातं ते त्यांनी कुठून भरून काढलं, ते बघायला हवं.

जातं ते स्पष्टच आहे. लांबवर हात पोचत नाही. प्रत्येक चेंडूला एखादं पाऊल जास्त पडतं. अंगावर आलेला चेंडू अडचणीचा होतो, आणि नेटजवळ पसरून व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारायचा फटका) मारताना दुसरा हात मध्येच येतो. सेलेसने याचं काय केलं? ती बेसलाइनच्या आत घुसून चेंडू उसळता उसळताच घ्यायची. चेंडू बाहेर पळायच्या आधीच घेतला तर हात लांब असायची गरज उरत नाही. बार्तोलीचं तर आणखी मजेशीर. लहानपणी ती सराव करायची त्या कोर्टवर बेसलाइनच्या मागे जागाच फारशी नव्हती, त्यामुळे पुढे उभं राहून खेळणं तिच्या अंगवळणीच पडलं. मोठेपणी समोरच्या खेळाडूच्या दुसऱ्या सर्व्हिसला (पहिली चुकल्यावर सावधपणे केलेल्या) ती इतकी आत येऊन उभी राहायची की सर्व्हिस करणारीच बिचकायची. सांतोरोकडे जोर नव्हता, म्हणून त्याने दोन हातांचा फोरहँड स्लाइस (चेंडू खालून कापत मारायचा फटका) घोटला आणि समोरच्याला कधी लय सापडूच दिली नाही. शिए चेंडूचा वेग स्वतः तयार करत नाही, समोरच्याचाच उसना घेते. शिवाय दुहेरीत ती अव्वल स्थानापर्यंत गेली. दुहेरीत निम्मंच कोर्ट सांभाळायचं असतं, तिथे हात आखूड असल्याचं तितकं जाचत नाही.

आता तुझ्या त्या वाक्याकडे ये. तिरका चेंडू सरळ रेषेतच जातो. तू जितकी मागे उभी, तितका तो तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर आणखी बाहेर गेलेला असतो. चांगला तीव्र तिरका फटका असेल तर मीटरभर मागे सरकल्याची किंमत जवळजवळ अर्धा मीटर बाजूला धावून मोजावी लागते. रशियाचा मेदवेदेव इतका मागे उभा राहून २०२१ ची यूएस ओपन जिंकला, हे खरं. पण तो १.९८ मीटर उंच आहे आणि फोरहँडला एक लांबलचक हात मोकळा सोडतो. मागे उभं राहायचं तर हात लांब हवा, हात आखूड असेल तर पुढे यायला हवं. तू मागेही उभी आहेस आणि दोन्ही हातही बांधून घेतले आहेस. लग्नाचं जेवण ठरवलंय आणि पंगत मांडलीय उपासाची, असं काहीसं झालंय हे.

वेळ मिळतो म्हणून तू मागे गेलीस, हे मला कळतं. वेगवान खेळाडूंसमोर सगळेच जातात. पण दोन हातांच्या फटक्याला मागे घ्यायचा झोका छोटा लागतो, म्हणजे वेळ मुळात कमी लागतो. तुझ्या शैलीचा हाच तर नफा! तो तू दीड मीटर मागे सोडून येते आहेस. म्हणून माझी शंका अशी की तुझी शैली अजून पुरी खेळून झालेलीच नाही. दोन हातांचा फटका आहे, पण त्याच्याभोवती उभारायचा खेळ बाकी आहे. लहानपणी लावलेला हात तसाच राहिला आणि बाकीचं सगळं तू इतरांचं बघून घेतलंस. वडिलांनी फटका जपला. त्या फटक्याला साजेशा जागा, गटिंगचा ताण, रिटर्नची (सर्व्हिस परतवायची) पद्धत याकडे कोणी बघितलं का? फ्रान्सचा आद्रियां मानारिनो गटिंग इतकं सैल ठेवतो की दुसऱ्या कोणाच्या हातात ती रॅकेट गोफण वाटेल. पण त्याचा झोका छोटा आणि चेंडू सपाट, त्याला तेच जमतं, आणि पस्तिशीत तो क्रमवारीत सतरावा झाला.

म्हणजे प्रशिक्षक चुकले का? तसंही मी म्हणणार नाही. खांद्यापर्यंत उसळणारा टॉपस्पिनचा (पुढे गरगरत येणारा) चेंडू आणि बाहेर ओढून नेणारी सर्व्हिस, या दोन गोष्टी तुला जन्मभर छळणार, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं असणार. फटका मुळापासून बदलणारेही झालेच आहेत. नदाल लहानपणी दोन्हीकडून दोन हातांनी मारायचा, त्याच्या काकांनी फोरहँडचा दुसरा हात सोडायला लावला. सांप्रासने चौदाव्या वर्षी दोन हातांचा बॅकहँड टाकून एका हाताचा घेतला. पण ती पोरं होती. पोराने एक हंगाम हरत काढला तर घरची मंडळी थोडी हिरमुसतात, एवढंच. तुझं तसं नाही. महिलांच्या क्रमवारीत गुण ५२ आठवडेच टिकतात. वर्षभर खेळली नाहीस तर पाटी कोरी. दुखापत किंवा बाळंतपणासाठी क्रमवारी राखून ठेवायची सोय आहे, फटका बदलायला नाही. तेव्हा "एक वर्ष" म्हणजे एक वर्ष अधिक तळापासून पुन्हा वर यायला लागेल तेवढा काळ, आणि त्या सगळ्या काळाचा प्रवासखर्च. हा हिशेब प्रशिक्षकांनी तुझ्यासमोर मांडला आहे का?

मोठेपणी बदलून यशस्वी झालेलं एक नाव मला सांगता येईल, जर्मनीची तात्याना मारिया. पहिल्या बाळंतपणानंतर तिने दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा घेतला. २०२२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, दोन मुलींची आई असताना ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचली आणि २०२५ मध्ये सदतिसाव्या वर्षी लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली. पण नीट बघ, ती कुठल्या दिशेने गेली? चारचौघींसारखं खेळण्यापासून आणखी लांब, दोन्हीकडून स्लाइस कापत राहण्याकडे. शिवाय तिने बॅकहँड बदलला. तू फोरहँड बदलणार आहेस, जो सामन्यात सगळ्यात जास्त लागतो आणि दडपणाखाली सगळ्यात आधी जुन्या सवयीकडे पळतो.

म्हणून होय किंवा नाही म्हणायच्या आधी एक काम कर. शेवटच्या दहा सामन्यांचे व्हिडिओ काढ आणि तुला न ओळखणाऱ्या एखाद्या जाणकाराला शेजारी बसव. वडील नकोत, नवे प्रशिक्षकही नकोत. हरलेल्या प्रत्येक गुणापुढे एकच नोंद करायची: बिघडायला सुरुवात कुठे झाली. शेवटचा फटका लिहू नकोस, तो बहुतेक वेळा बळीचा बकरा असतो. दुबळी दुसरी सर्व्हिस पडली, समोरचीने कोपऱ्यात मारला आणि तिसऱ्या फटक्याला तुझा फोरहँड जाळ्यात गेला, तर ती चूक सर्व्हिसच्या खात्यात. दहा सामन्यांत गठ्ठा कुठे पडतो ते आपोआप दिसेल. बाहेर ओढलेल्या फोरहँडवरच पडला, आणि तोही तू रेषेजवळ उभी असताना, तर प्रशिक्षकांचं म्हणणं मी गंभीरपणे घेईन. दुसऱ्या सर्व्हिसवर पडला तर फोरहँडवर वर्ष घालवणं म्हणजे दुखणं दाढेचं आणि चष्मा नवा. आणि तुझी सर्व्हिस खरोखरच मवाळ निघाली तरी हातपाय गाळू नकोस. रमेश कृष्णनची सर्व्हिस आयुष्यभर मवाळच राहिली. तरी त्याने तीन वेळा ग्रँड स्लॅमची उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तेव्हाच्या अव्वल विलांडरला हरवलं.

शैली की प्रशिक्षक, असे दोनच रस्ते तुला दिसतायत. मधली वाट आहे आणि ती फार कष्टाचीही नाही. फोरहँड तसाच ठेवायचा, पण अगदी ताणून घ्यायच्या चेंडूला वरचा हात सोडून एका हाताचा स्लाइस मारायला शिकायचं. दोन हातांचा बॅकहँड मारणाऱ्या जवळजवळ सगळ्याच जणी अडचणीत असताना हेच करतात, त्यांना कोणी "शैली सोडली" म्हणत नाही. नेटजवळच्या लांब व्हॉलीलाही तेच. यात एक गोष्ट तुझी तुलाच तपासावी लागेल, फोरहँडला मुठीच्या टोकाशी तुझा कोणता हात असतो. उजवा असेल आणि तू उजवी असशील, तर डावा सोडल्यावर हातात सरळ एक फोरहँड उरतो आणि हंगामाच्या सुटीतले सहा-आठ आठवडे पुरावेत. डावा खाली असेल तर पकड बदलायला लागेल, काम वाढेल आणि घाई करून चालणार नाही. आणि दुहेरी खेळ. पत्रात दुहेरीचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं. रिटर्न ही तुझी जमेची बाजू असणार आणि दुहेरीत रिटर्नला सोन्याचा भाव असतो.

प्रशिक्षकांकडे ही मधली वाट घेऊन जा. ते ऐकून घेतात का, आकडे मागतात का, की "माझ्याकडे यायचं तर असंच" म्हणतात, ते बघ. यापूर्वी त्यांनी विशीतल्या कोणाचा फोरहँड असा मुळापासून बदलला आहे का, आणि तो खेळाडू आज कुठे आहे, हे नम्रपणे पण नक्की विचार. चांगला माणूस रागावणार नाही.

वडिलांचं जरा नाजूक आहे. "ओळख" या शब्दावर मी थबकले. तो फटका त्यांनी तुला दिलाय, म्हणून तो बदलणं म्हणजे त्यांनाच बाजूला सारणं, असं त्यांना वाटत असेल आणि थोडं तुलाही. मला एकच विचारायचं आहे. तो फटका तुला खेळायला आवडतो का? चार पानांत हे कुठेच आलं नाही. तो वेगळा आहे, म्हणून लोक हसतात. तो वेगळा आहे, म्हणून वडील जपतात. दोन्हीकडे तुझा हात रिकामाच. उद्या गठ्ठा फोरहँडवर पडला तर बदलायची मोकळीक तुला हवी आणि सर्व्हिसवर पडला तर न बदलायचीही. "मी म्हणजे माझा फोरहँड" असं मनात धरून बसलीस तर दोन्ही जाईल.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आली आहेत, त्यांनाही यातच सांगते. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर बदल स्वस्त असतो, करून बघायला हरकत नाही. मात्र "वेगळं दिसतं" हे बदलायचं कारण होऊ शकत नाही, आणि "वेगळं दिसतं" हे जपायचंही कारण होऊ शकत नाही. फटक्यामुळे मनगट किंवा खांदा दुखत असेल, तर माझं सदर बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. हौस म्हणून खेळणाऱ्यांनी तर कसंही मारावं. ज्या काकांनी दोन्हीकडून फोरहँडच मारतो, चालेल का म्हणून विचारलंय, त्यांना: चालेल, फक्त हात बदलताना रॅकेट पलीकडच्या कोर्टात जाऊ देऊ नका.

पुढच्या स्पर्धेला तीन आठवडे आहेत असं तू लिहिलं आहेस. उद्यापासून सरावाला बेसलाइनच्या मागे मीटरभरावर एक दोरी टाक आणि तिच्यामागे पाऊल टाकायचं नाही असं ठरव. पहिले चार दिवस भयंकर जातील. चेंडू अंगावर येतील, फटके उशिरा बसतील, वडील "हे काय चाललंय" म्हणतील. पाचव्या-सहाव्या दिवशी काय होतं ते मला कळव. प्रशिक्षकांना उत्तर द्यायला महिनाभराची मुदत माग, ती मिळेल. आणि त्यांना फोन आधी कर, वडिलांशी नंतर बोल. उलट केलंस तर तो फोन होणारच नाही.